वाकलेल्या पाठी
(गोसीखुर्द इथं युवकांच्या शिबिरात केलेलं भाषण)



नागपूर-मुंबईहून तुम्ही धरण पाहायला आलात. आधी हे एक चित्र पाहा. पुस्तकातलं पान आहे, हातोहात फिरवा, फाडू नका.

चित्र १८८९चं. काढणारा फ्रान्सचा कामीय पिसारो. १८७४ ते १८८६ या काळात इम्प्रेशनिस्टांची आठ प्रदर्शनं झाली. आठहींत चित्रं असलेला हा एकटा. चित्राचं नाव 'सरवा वेचणाऱ्या'. सरवा शहरातल्या पोरांना सांगावा लागेल. पीक मालकाच्या घरी गेल्यावर गरिबाच्या बाया शेतात सांडलेल्या ओंब्या वेचतात, तो सरवा.

सगळं ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवलंय. जाणकार त्यातलं ऊन बघत बसतात. ऊन सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. मला पाठी दिसल्या.

माझी माय रोवणीला जायची. बांधीत पोटरीभर चिखल, वरून पाऊस, हातात पऱ्ह्यांची पेंढी. बाई वाकते आणि मागं मागं सरकत जाते. पाय कुजतात, बोटांची सालं निघतात. हे त्या ठिपक्यांत मावत नाही.

पण पिसारोला उगाच झोडपू नका. तो अराजकवादी विचारांचा होता. १८८० मध्ये त्यानं पाँत्वाजची आपली शेजारीण रंगवली. छप्पन वर्षांची, चार लेकरांची आई. चित्राला तिचं नाव राहिलं : लार्शव्हेक माय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ती आजही नावानिशी आहे.

आता मागं वळून बघा. १९८८ला पायाभरणी झाली, वैनगंगा अडली. या पाण्याखाली आमच्या बांध्या आहेत. आमच्या म्हणालो, चुकलं. बांध्या मालकाच्या. सातबाऱ्यावर त्याचं नाव, जमिनीचा मोबदला त्याला. माय तिथं तीस पावसाळे वाकली, त्याचा उतारा कोणता तलाठी देणार? एका साहेबानं विचारलं, "बाई, तुमचं काय बुडालं?"

"काम बुडालं, साहेब."

त्यानं लिहिलं नाही. कागदावर तसा रकानाच नव्हता.

हे चित्र मी मायला दाखवलं होतं. तिनं बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "या बायांले मजुरी किती भेटते?"

मी म्हणालो, "मजुरी नाही. वेचलं तेवढं त्यांचं."

"मंग मालकानं जास्त काही सांडू देलं नसन."

ते पान कुणाकडे आहे? इकडे द्या.