हक्क की सवलत?
(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



तारखेला गेलो की आपण सरकारी वकील बघतो. आज ज्याची गोष्ट सांगतोय तो कोर्टात उभा राहणारा वकील नव्हता, पण जंगलावर सरकारची सगळ्यांत मोठी वकिली त्यानंच केली. त्याचं नाव बेडन-पॉवेल. इंग्रजांच्या मुलकी नोकरीत आला, पंजाबात जंगलखात्याचा अंमलदार झाला, पुढे लाहोरच्या वरच्या कोर्टात जज्ज. जंगल अधिकाऱ्यांना शिकवायला कायद्याचं पुस्तकही त्यानं लिहिलं.

१८६५ चा पहिला जंगल कायदा त्याला कच्चा वाटला. १८७४ साली अलाहाबादला जंगल अधिकाऱ्यांची परिषद भरली, तिथं त्यानं तो फाडून काढला. त्याचं म्हणणं काय? पडीक जमीन आणि जंगल राजाचं. राजा गेला, सरकार आलं, म्हणून आता सरकारचं. गावकरी लाकूड तोडतात, गुरं चारतात, ती राजानं चालू दिलेली सवलत. लेखी दिलेलं नसेल तर तो हक्क नाही.

आता सांगा, आपल्या आज्याला कोणी लिहून दिलं होतं? आणि दिलं असतं तरी वाचणार कोण?

त्या वेळी सगळे साहेब एका मताचे नव्हते. मद्रास सरकार म्हणत होतं, जंगलावर गावांचे हक्क आहेत. जंगलखात्याचा मोठा साहेब ब्रँडिस, तोही गावासाठी वेगळं जंगल ठेवा म्हणत होता. पण १८७८ चा कायदा झाला तो बराचसा बेडन-पॉवेलच्या मताचा. आपल्या ठाणे-कुलाब्यात राबासाठी फांद्या तोडण्यावरून इतकी ओरड झाली की १८८५ साली सरकारला चौकशी कमिशन नेमावं लागलं. तरी कायद्याचा पाया हलला नाही. आज चालतो तो १९२७ चा कायदाही त्याच पायावर आहे. राखीव जंगल करताना मुदतीत दावा टाकला नाही की हक्क संपला!

साहेब मेला, पण त्याचा एक शब्द आपल्याच तोंडात राहिला. मागच्या अर्जात आम्हीच लिहिलं, "मेहेरबान साहेबांनी सवलत द्यावी." अंगठे तुमचे, चूक आमची.

आता अर्जात "सवलत" नको, "हक्क" लिहा. म्हाताऱ्यांच्या जबान्या घ्या. देवाच्या जागा, जुनी खाचरं, पाणवठे नावानिशी लिहा. आणि दंडाच्या जुन्या पावत्या चुलीत घालू नका. त्यावर साल आहे. त्या साली आपण तिथंच होतो, हे त्यांच्याच कागदावर त्यांनीच लिहून दिलंय.

जिंदाबाद!