फवारणीचा माणूस दवाखान्यात नेल्यावर

पऱ्हाटीला पाती-बोंडं धरली की आपल्या केळापूर तालुक्यात वावरावावरात पाठीवरचे पंप दिसू लागतात. २०१७ चा हंगाम आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. त्या वर्षी फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले. फवारणी जपून कशी करायची, हे कृषी खात्याची माणसं सांगतातच. मी आज पुढचं सांगणार आहे. माणूस वावरात चक्कर येऊन बसला आणि आपण त्याला दवाखान्यात नेलं, तर तिथं काय होतं? कारण सोबत बहुतेक वेळा बायको नाहीतर आई असते, आणि डॉक्टर विचारतात ते तिलाच.

आधी १०८ ला फोन लावा, पैसे लागत नाहीत. गाडी येईपर्यंत त्याचे भिजलेले कपडे काढा आणि अंग, केस साबण-पाण्यानं धुवा. धुणारीनं हाताला प्लास्टिकची पिशवी बांधावी, कारण औषध तिच्याही कातडीतून आत जातं. ओकारी काढायला मिठाचं पाणी, दूध, तूप काही पाजू नका. तो बेशुद्ध असेल तर कुशीवर निजवा. आणि औषधाची बाटली सोबत घ्या. दोन औषधं मिसळली असतील तर दोन्ही घ्या. बाटलीच्या कागदावर औषधाचं नाव असतं, त्यावरचा उतारा असेल तर तोही छापलेला असतो. काही औषधांना उतारा आहे, काहींना नाहीच, म्हणून डॉक्टरांना नाव कळणं फार मोलाचं. 'कीड मारायचं पांढरं औषध' एवढ्यावरून त्यांना काही कळत नाही.

पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात गेलात तर सरळ अपघात विभागात जा, लोक त्याला कॅज्युअल्टी म्हणतात. बाह्यरुग्णांच्या रांगेत उभं राहू नका. एकजण माणसाजवळ थांबा, दुसऱ्यानं केसपेपर काढावा. इथं आधी आला त्याला आधी पाहत नाहीत, ज्याचा जीव जास्त धोक्यात त्याला आधी पाहतात. हात मोडलेला माणूस तासभर बसतो आणि मागून आलेल्याला आत घेतात, तेव्हा तो वशिला नसतो.

आत बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघतात, नाडी बघतात, डोळ्यात उजेड टाकून बाहुली बघतात. मग प्रश्न विचारतात: कोणतं औषध, किती वाजता, फवारताना अंगावर गेलं की पोटात गेलं? इथं खरं सांगा. पोलिसांच्या भीतीनं 'साधा ताप आला' म्हणणारी घरं असतात, आणि मग उपचार भलतीकडंच जातो. विषाची नोंद पोलिसांकडे होतेच, पण उपचार त्यासाठी थांबवायचा नसतो. कोणी स्वतःहून पिलं असेल तर तेही सांगा. असा माणूस मोठ्या ताणाखाली होता असं धरावं आणि त्याला शिक्षा करू नये, असं २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा म्हणतो.

आता घाबरवणारा भाग. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीच्या विषानं तोंडाला लाळ सुटते, छातीत घरघर होते. त्यावर ॲट्रोपीनचं इंजेक्शन देतात, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्यानं तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, कधी माणूस बरळतो, चादर ओढतो, सलाईन उपटतो. मग हात बांधावे लागतात. नातेवाईक म्हणतात, चांगला बोलत होता, यांनीच बिघडवला. बायांनो, भांडू नका, सिस्टरला विचारा. बहुधा ते औषधाचंच लक्षण असतं, आणि ते बघून डॉक्टर मात्रा कमी-जास्त करतात.

याहून मोठी चूक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. माणूस उठून बसतो, चहा मागतो, घरी वेचणी खोळंबलेली असते, आणि आपण सही करून त्याला नेतो. या जातीच्या विषात पहिल्या चार दिवसांत मान उचलणारे आणि श्वास घेणारे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. घरी असं झालं तर हाताशी काहीच नसतं. म्हणून डॉक्टर सोडतील तेव्हाच निघा. त्याला उशीवरून मान उचलायला सांगत राहा. उचलेना, किंवा आवाज बारीक झाला, तर लगेच सिस्टरला हाक मारा.

श्वासाच्या मशीनसाठी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं, तर निघताना चिठ्ठी मागा आणि कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं ते तीवर लिहून घ्या. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालय वेगळ्या खात्याचं, म्हणून तिथं थोडे पैसे जवळ असू द्या. दोन्हीकडचे कागद सांभाळून ठेवा. शेतकरी अपघाताच्या सरकारी योजनेत अर्ज करायची वेळ आली तर तेच मागतात.

चार-पाच दिवस एक बाई तिथं अडकणार. तिची लेकरं कोण बघेल, बकऱ्या कोण सोडेल, रात्री गाडी कोणाची मिळेल, गटाच्या पेटीतून किती रक्कम लगेच देता येईल, हे येत्या बैठकीत ठरवून वहीत लिहून ठेवा, फवारणी सुरू व्हायच्या आत.