शेवटच्या ग्राहकापर्यंत पोहोचणारी मुदत



या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान तुम्ही मला दिलात, याबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे. अध्यक्षीय भाषणात येणाऱ्या काळाचा वेध घ्यावा, असा प्रघात आहे. मी मात्र आज आपल्याच सर्व्हरवर मागे उरलेल्या गोष्टींविषयी बोलणार आहे. व्यवसायांसाठी ऑनलाइन सॉफ्टवेअर चालवणारे आपण दर महिन्याला काही ना काही नवे सुरू करतो. कालबाह्य सुरक्षा प्रोटोकॉल बंद करण्याचे काम तेवढे पुढच्या तिमाहीवर ढकलले जाते. आणि जेव्हा ते होते, तेव्हा अनेकदा अशा रीतीने होते की त्याचा फटका सर्वांत दुबळ्या ग्राहकाला बसतो. जुना प्रोटोकॉल वेळेवर बंद करणे हे आपले कर्तव्य आहे आणि शेवटच्या ग्राहकाला सोबत घेऊन तो बंद करणे हा त्याच कर्तव्याचा भाग आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला संवाद कूटबद्ध करणाऱ्या प्रोटोकॉलचाच थोडा इतिहास पाहू. नेटस्केपने १९९५ मध्ये एसएसएल २.० आणले, पुढच्याच वर्षी ३.० आले. १९९९ मध्ये त्याची जागा घेणारे टीएलएस १.०, २००६ मध्ये १.१ आणि २००८ मध्ये १.२ प्रसिद्ध झाले. म्हणजे चांगला पर्याय २००८ पासून उपलब्ध होता. तरी इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने १.० आणि १.१ यांना औपचारिकपणे बाद ठरवले ते मार्च २०२१ मध्ये. मधल्या बारा-तेरा वर्षांत धोक्याचे इशारे कमी मिळाले नव्हते. २०११ मध्ये थाई डुओंग आणि ज्युलियानो रिझ्झो यांनी ‘बीस्ट’ हा हल्ला दाखवला. टीएलएस १.० मध्ये आधीच्या संदेशाचा शेवटचा तुकडा पुढच्या संदेशाच्या कूटलेखनाची सुरुवात म्हणून वापरला जाई. हल्लेखोराला ती सुरुवात आधीच ठाऊक असे आणि तिथेच त्याला वाट सापडली.

त्याहून मोठा धडा दिला तो ऑक्टोबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पूडल’ने. तेव्हाचे ब्राउझर नव्या आवृत्तीवर जोडणी जमली नाही, की एकेक पायरी खाली उतरून जुन्या आवृत्तीवर प्रयत्न करत. मध्ये बसलेला हल्लेखोर मुद्दाम जोडणी तोडत राही, दोन्ही बाजू एसएसएल ३.० वर आल्या की थांबे आणि मग सरासरी २५६ प्रयत्नांत लॉगिनच्या कुकीचा एकेक बाइट उलगडत जाई. सर्व्हर अद्ययावत होता, ग्राहकाचा ब्राउझरही अद्ययावत होता. जुनी आवृत्ती कोणी वापरत नव्हते, ती फक्त चालू ठेवलेली होती. हल्ल्याला तेवढे पुरले. २०१६ च्या ‘ड्राउन’ने तर याहून पुढची गोष्ट दाखवली. वेबसाइट आधुनिक टीएलएसवर असली, पण तीच आरएसए किल्ली वापरणारा एखादा विस्मृतीत गेलेला मेल सर्व्हर एसएसएल २.० ला उत्तर देत असला, तर त्या मेल सर्व्हरच्या आधाराने वेबसाइटचे संदेश उलगडता येत होते.

म्हणून ‘एका ग्राहकासाठी जुने चालू ठेवले तर काय बिघडते’ या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. त्याच सर्व्हरवरच्या इतर सर्वांना आपण न विचारता त्या जोखमीत ओढतो.

पण आता त्या एका ग्राहकाकडेही पाहू. तालुक्याच्या गावच्या एका दूध संघाच्या कार्यालयात हा प्रसंग मी जवळून पाहिला आहे. संकलनाचे आकडे विंडोजवरच्या एका जुन्या प्रोग्राममधून ऑनलाइन हिशेब-सेवेकडे जात आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिले निघत. बिलाच्या दिवशी सकाळी पडद्यावर एक वाक्य उमटले, ‘कुड नॉट क्रिएट एसएसएल/टीएलएस सिक्योर चॅनल’. लेखापालांनी राउटर बंद करून चालू केला, इंटरनेटवाल्याला फोन केला, बँकेत चौकशी केली. बाहेर बिलासाठी माणसे थांबली होती. सेवा पुरवणाऱ्या कंपनीने जुना प्रोटोकॉल बंद करत असल्याची सूचना पाठवली नव्हती असे नाही. पण ती इंग्रजीत होती, आणि गेली होती प्रोग्राम लिहून केव्हाच दुसरीकडे गेलेल्या मुलाच्या ईमेलवर. दुरुस्ती काय होती? प्रोग्राम ज्यावर चालत होता त्या डॉट नेटला नवा प्रोटोकॉल वापरायला सांगणाऱ्या दोन रजिस्ट्री नोंदी आणि एक रीस्टार्ट. त्या संगणकाला टीएलएस १.२ येत होते, फक्त ते वापरायला त्याला कोणी सांगितले नव्हते. जावा ७ वर चालणाऱ्या कितीतरी प्रोग्रामांची हीच स्थिती होती.

मित्रहो, ही दुरुस्ती काही मिनिटांची होती, पण तिची माहिती योग्य माणसापर्यंत पोहोचवणे हे आपले काम होते.

हे काम नीट कसे होते, याचे नमुने आपल्यासमोर आहेत. सेल्सफोर्सने टीएलएस १.० आधी चाचणीच्या सँडबॉक्समध्ये २०१६ मध्ये बंद केले आणि प्रत्यक्ष कामकाजाच्या व्यवस्थेत २०१७ मध्ये. मधल्या काळात लॉगिनच्या इतिहासात प्रत्येक नोंदीपुढे टीएलएसची आवृत्ती दिसत होती, त्यामुळे आपल्यापैकी कोण मागे राहिले आहे हे ग्राहकालाच पाहता येई. कार्ड व्यवहारांची मानके ठरवणाऱ्या पीसीआय परिषदेने जुने प्रोटोकॉल सोडण्याची जून २०१६ ची मुदत ३० जून २०१८ पर्यंत वाढवली. अॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये एकत्रितपणे टीएलएस १.० आणि १.१ बंद करण्यासाठी २०२० चे वर्ष जाहीर केले. पुढे मार्च २०२० मध्ये फायरफॉक्सने जुने प्रोटोकॉल बंद करून काही काळ पुन्हा सुरू केले, कारण कोविड साथीची माहिती देणारी काही सरकारी संकेतस्थळे उघडेनाशी झाली असती. तो निर्णय मला योग्य वाटतो. मुदतवाढ देण्यात कमीपणा नाही. ती कोणासाठी आणि कशासाठी दिली, हे मात्र सांगता आले पाहिजे.

या अनुभवांच्या आधारे मी या परिषदेपुढे चार आग्रह मांडतो.

पहिला, आधी मोजा. कोणत्या ग्राहकाची कोणती जोडणी कोणत्या आवृत्तीवर येते, याची नोंद ठेवा. आपल्याकडे टीएलएस बहुधा लोड बॅलन्सरवरच संपते आणि आतल्या प्रोग्रामला त्याचा पत्ताही नसतो. ती माहिती हेडरमधून आत पोहोचवा. ‘दोन टक्के जोडण्या जुन्या आहेत’ हे वाक्य निरुपयोगी आहे, त्या जोडण्यांमागची नावे हवीत.

दुसरा, सूचना माणसापर्यंत पोहोचवा. ती मराठीत द्या, जो रोज लॉगिन करतो त्याच्या पडद्यावर द्या, आणि कोणत्या संगणकावरचा कोणता प्रोग्राम अडणार आहे हे तिच्यात लिहा. यादी लहान झाली, की फोन करा.

तिसरा, आधी सराव करा. फक्त नव्या प्रोटोकॉलवर चालणारा चाचणीचा पत्ता द्या. मग ठरवून, आधी कळवून, तासाभरासाठी जुने बंद करा आणि पुन्हा सुरू करा. ती वेळ निवडताना ग्राहकाचे कॅलेंडर पाहा. महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटी विवरणपत्रांची असते, त्या दिवसांच्या आसपास कोणाचेही काम अडवू नका.

चौथा, सवलत द्यावीच लागली तर ती वेगळ्या पत्त्यावर, वेगळ्या किल्लीवर आणि लेखी शेवटच्या तारखेसह द्या. ग्राहक कितीही मोठा असो, सामायिक सर्व्हरवर अपवाद नको. विक्री विभागाचा दबाव येईल. त्या वेळी तंत्रज्ञाच्या पाठीशी उभे राहणे हे व्यवस्थापनाचे काम आहे.

हा विषय टीएलएस १.० पुरता असता, तर एवढा वेळ मी घेतला नसता. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने क्वांटम संगणकापुढेही टिकतील अशा कूटलेखनाची पहिली तीन मानके प्रसिद्ध केली. आज आपण ज्यांच्यावर विसंबून आहोत त्या आरएसए आणि एलिप्टिक कर्व्ह पद्धतींनाही आता निवृत्त करावे लागणार आहे. आज टिपून ठेवलेले संदेश उद्या उलगडले जाऊ शकतात, म्हणून तिथे बारा-तेरा वर्षांची ढिलाई परवडणार नाही. ते काम याहून कितीतरी मोठे असेल, आणि त्याची तयारी आजच्या लहान कामांतूनच होईल.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, या परिषदेने उद्याच्या खुल्या अधिवेशनात एक ठराव करावा. प्रत्येक सदस्य कंपनीने आपल्या सेवेतील प्रोटोकॉल कधी निवृत्त होणार याचे वेळापत्रक किमान एक वर्ष आधी मराठीत प्रसिद्ध करावे आणि प्रत्येक तारखेपुढे जबाबदार माणसाचे नाव लिहावे. मी माझ्या संस्थेचे वेळापत्रक ठरावासोबतच सादर करीन. तुम्हीही तुमचे घेऊन या, ही माझी आग्रहाची विनंती आहे.