सीमेपलीकडचा आसरा



शेजारच्या देशात दडलेल्या बंडखोरांवर एखाद्या सरकारने मारा केला, की एक सरकार म्हणते, आम्ही दहशतवाद्यांचे तळ उडविले. दुसरे म्हणते, आमच्या सार्वभौमत्वावर घाला आला. जानेवारी २०२४ मध्ये इराणने पाकिस्तानच्या बलुचिस्तानात असा मारा केला आणि दोनच दिवसांत पाकिस्तानने इराणात त्याची परतफेड केली. दोघांचेही म्हणणे, आमचा रोख बंडखोरांवर होता. मेली त्यांत मुलेही. हे प्रकरण मला दूरचे वाटत नाही, कारण आपण मराठवाड्याची माणसे एके काळी या गोष्टीतले बंडखोर होतो.

मी कॉलेजात शिकलेला इतिहासकार नव्हे, कारखान्याच्या फाटकावर बोलणारा माणूस आहे. पण साधा हिशेब पाहा. १५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला आणि आपण निजामाच्याच राज्यात राहिलो. त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. सभा बंद, सत्याग्रही तुरुंगात. मग कार्यकर्ते सीमा ओलांडून भारतात गेले आणि बार्शी, उमरखेड, मनमाड येथे कॅम्प उभे राहिले. तेथून रात्री इकडे यायचे, करोडगिरीचे नाके जाळायचे, पोलीस ठाण्यांवर हल्ले करायचे आणि उजाडण्यापूर्वी परत जायचे. निजाम सरकारची तक्रार होती, की भारत हल्लेखोरांना आसरा देतो. ही तक्रार खोटी नव्हती, हे आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे. रझाकारांच्या टोळ्याही सीमा ओलांडून भारतातील गावांवर चालून जात. तेव्हा भारताचीही तक्रार खरीच होती.

सीमा तरी कशी? बार्शी तालुका भारताचा, पण त्याच्या बहुतेक बाजूंना निजामाचा मुलूख. सोलापूरहून बार्शीला जाणारा रस्ता मध्येच नान्नज गावातून, म्हणजे निजामाच्या हद्दीतून जाई. (आज नान्नज म्हटले की लोकांना माळढोक पक्षी आठवतो.) जुलै १९४८ मध्ये तेथे भारतीय सैन्याच्या वाहनांवर हल्ला झाला आणि सैन्याने ते गावच ताब्यात घेतले. अशा मुलखात शेतकऱ्याने कोणाला भाकर द्यावी? कॅम्पवाल्याला दिली तर रझाकार घर जाळणार. नाही दिली तर तो फितूर ठरणार.

मग दोन्ही बाजू सारख्याच का? मला तसे वाटत नाही. ज्याला आपल्या गावात सभा घेता येते, त्याने बंदूक घेऊन सीमेपलीकडे बसावे याला मी पाठिंबा देणार नाही. संपातही आम्ही आधी बोलणी करतो. येथे बोलण्याची जागाच बंद होती. आणि कॅम्प रझाकारांच्या माऱ्याने मोडले नाहीत. ते सप्टेंबर १९४८ मध्ये, कॅम्प ठेवण्याचे कारणच संपल्यावर उठले. निजाम सरकारने त्याआधी, ऑगस्टमध्ये, राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे दाद मागितली होती. पॅरिसला सुनावणी निघाली १६ सप्टेंबरला, आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली.

एवढ्यावर थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. त्यानंतरच्या आठवड्यांत ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशा मुसलमान शेतकऱ्यांवर, विणकरांवर सूड उगवला गेला. भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिने आपल्या उस्मानाबाद आणि नांदेडची नावे घेतली. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली काही माणसे अजून आपल्या गावांत आहेत. या सुट्टीत गावी जाल तेव्हा त्यांच्याजवळ बसा. कॅम्पला भाकरी पोचविणाऱ्यांच्या घरी तर जाच, पण पलीकडच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या चाचांकडेही जा, आणि त्या वर्षी रात्री दार कोणी ठोठावले ते दोघांनाही विचारा.