झाडू कुणाच्या हातात? – जपानची शाळा आणि आपली शाळा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही प्राध्यापक नाही. गिरणीत पाळ्या करत, मिळेल ते वाचत शिकलेली माणसं आहोत. म्हणून आपल्या भोसरी-चाकणच्या पोरांना रोज दिसणाऱ्या गोष्टीपासूनच सुरुवात करतो.

पुष्कळ कंपन्यांच्या भिंतीवर ‘फाइव्ह एस’चा तक्ता असतो. सेइरी, सेइतॉन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. हे पाच जपानी शब्द. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, झाडून-पुसून घ्या, ही रीत टिकवा आणि अंगवळणी पाडा, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे हे पंचविशीतल्या कामगाराला ट्रेनिंग देऊन सांगावं लागतं. जपानात सहा-सात वर्षांचं पोर ते शाळेत शिकतं.

तिथल्या बहुतेक शाळांत सफाईची वेळ वेळापत्रकातच असते. मुलं आपला वर्ग, जिना, व्हरांडा स्वतः साफ करतात, पुष्कळ शाळांत संडाससुद्धा. गट पाडलेले असतात आणि कामं आळीपाळीनं फिरतात. दुपारचं जेवण पाळीची मुलंच ॲप्रन-टोपी घालून वाढतात. गुरुजीही त्याच वर्गात, तेच जेवण जेवतात.

शिकवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. गणिताच्या तासाला शिक्षक एक उदाहरण घालतात. मुलं आपापल्या डोक्यानं सोडवतात. मग काही जण फळ्यापाशी येऊन आपली रीत मांडतात. एखाद्याचं चुकलं तर ते कुठं चुकलं, यावर सगळा वर्ग बोलतो. शिक्षकसुद्धा एकमेकांच्या तासाला बसतात आणि नंतर त्या तासाची चर्चा करतात.

आपल्याकडे काय? गुरुजींनी उत्तर लिहायचं, पोरांनी उतरवायचं आणि घोकायचं. बरं, आपल्या लेकरांना तो फळाही मोकळा नव्हता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. तिथं बसायला वेगळं गोणपाट, आणि शिपाई असेल तरच पाणी. पुढं मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं, तेव्हा फळ्यामागं ठेवलेले डबे विटाळतील म्हणून मुलांची धावपळ उडाली, असं चरित्रकारांनी लिहिलं आहे. म्हणजे बघा, फळा आणि डबा, दोन्ही एकाच वेळी नाकारले गेले. आमच्या लहानपणी गावच्या शाळेत गोणपाट गेलं होतं. पण वर्ग झाडायला गुरुजी कुणाला उठवणार, हे आम्हाला आधीच ठाऊक असायचं.

कुणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट कशाला उगाळता? डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित बाईनं शिजवलेलं शाळेतलं जेवण सवर्ण मुलांनी नाकारलं. त्या मुलांना हे कुणीतरी शिकवलंच होतं ना?

आता दोन्हीकडचा इतिहास शेजारी ठेवून पाहू. जपाननं १८७२ मध्येच कायदा करून प्रत्येक घरातलं मूल शाळेत आणायचं ठरवलं. आरंभी फी होती, लोक चिडले, काही ठिकाणी शाळा जाळल्या गेल्या. पण शासन मागं हटलं नाही, आणि १९०० मध्ये प्राथमिक शाळेची फी काढली. आपल्याकडे १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात ते सुरू केलं. साऱ्या देशासाठी शिक्षण हक्क कायदा अमलात यायला मात्र १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. जोतीरावांच्या मागणीनंतर १२८ वर्षं!

मात्र जपान म्हणजे स्वर्ग, असं समजू नका. तिथं परीक्षेची चढाओढ जीवघेणी आहे, शाळा सुटल्यावर पुन्हा क्लास आहेत. आणि तिथंही आपल्यासारखीच माणसं आहेत. त्यांना बुराकुमिन म्हणतात. चामड्याचं, कत्तलखान्याचं काम त्यांच्या पूर्वजांच्या माथी मारलं होतं. १८७१ मध्ये कागदावर भेद मिटला, पण शाळेत त्यांच्या मुलांची हेटाळणी चालूच राहिली. १९२२ मध्ये त्यांनी ‘सुइहेइशा’ ही संघटना काढली. दोनच वर्षांनी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली. १९६१ मध्ये कोची इथल्या नागाहामा वस्तीतल्या बुराकुमिन आयांनी, पाठ्यपुस्तकं फुकट मिळालीच पाहिजेत, म्हणून लढा उभारला. त्यानंतर १९६२ आणि १९६३ मध्ये कायदे झाले आणि सक्तीच्या शिक्षणातल्या सगळ्या मुलांना पुस्तकं मोफत मिळू लागली. वस्तीतल्या बायांच्या लढ्याचा फायदा साऱ्या देशाच्या लेकरांना झाला.

आता आमच्या आयाबाया विचारतील, “दादा, झाडू सुटावा म्हणून तर पोराला शाळेत घातलं, आणि तुम्ही पुन्हा झाडूच देताय?” प्रश्न रास्त आहे. आपल्याच पोराच्या हातात झाडू दिला, तर त्या शाळेत जाऊन भांडलंच पाहिजे. पण पाळी सगळ्यांची असेल, पाटलाचं, भटजीचं, साहेबाचं आणि आपलं पोर एकाच यादीत असेल, गुरुजीही हात लावत असतील, तर त्या झाडूची लाज वाटायचं कारण नाही. उलट, जे काम सगळ्यांचं होतं, ते कुणा एका जातीला चिकटवता येत नाही.

म्हणून दोन कामं सुचवतो. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, आणि निम्म्या महिला असाव्यात, असं सांगितलं आहे. आपली मुलं महापालिकेच्या शाळेत जात असतील तर त्या समितीत बसा. सफाई कोण करतं, जेवण कोण वाढतं, फळ्यापाशी कोणाला बोलावलं जातं, हे विचारा. दुसरं काम घरचं आणि विहारातलं. इथल्या मुलांच्या वर्गात सतरंजी घालायची, झाडायची पाळी लावा. त्या यादीत मुलगेही हवेत. घरी सगळी झाडलोट मुलीनं करायची आणि मुलगा अभ्यासाला बसणार, असं असेल तर गावच्या गुरुजींना नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार?

पुढच्या रविवारी पहिली पाळी आम्ही घेतो. यादीत आपलं नाव घालून जा.

नमो बुद्धाय! जय भीम!