पुढची तारीख चुकवू नका
(होसकोटे येथील रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



होसकोटे हे शहाजीराजांच्या जहागिरीतले ठाणे. तेव्हा इथे मराठीत बोलायला आम्हाला संकोच नाही. विषय मात्र तोंडाच्या कॅन्सरचा आहे. रात्रपाळीत झोप मारायला तंबाखूची चिमूट, यार्डात काय नि आर.एम.एस.च्या डब्यात काय, आपल्याला नवी नाही. आम्ही स्वतः वीस वर्षे मळली आहे, म्हणून उपदेश करीत नाही.

ऑपरेशन झाले की सुटलो, असे आपण समजतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली २००४ ते २०१४ या काळात एक मोठा अभ्यास झाला. कॅन्सर लहान आणि मानेत गाठ हाताला लागत नाही, असे रुग्ण घेतले. मानेतल्या ग्रंथी त्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात, की गाठ दिसल्यावर? सर्जन मंडळींचा हा जुना वाद. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. पहिल्या पाचशे जणांचा हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथी आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी शंभरात ८० जण हयात, वाट पाहिलेल्यांत साडेसदुसष्ट. शंभरामागे बारा-तेरा माणसांचा फरक! हा आकडा ऑपरेशनच्या टेबलावर दिसत नाही. रुग्ण वर्षानुवर्षे तपासणीला येत राहिले, म्हणून तो कळला. ब्रिटनमध्येही २०११ ते २०१४ दरम्यान डोके-मानेच्या कॅन्सरचे साडेपाच हजार रुग्ण नोंदवून त्यांचा पुढे मागोवा घेतला गेला.

आपल्याकडे कॅन्सरची नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली, बंगळूरला १९८२ पासून आहे. रुग्ण हयात आहे का, हे कळायला नोंदणीवाले पत्र पाठवतात, घरीही जातात. पत्ता बदललेला असला की माणूस कागदावरून नाहीसा होतो. टपालवाल्या बंधूंनो, परत जाणारे ते पत्र तुमच्याच हातातून जाते.

आमचा एक गँगमन होता. जबड्याचे ऑपरेशन चांगले झाले. पुढच्या वर्षी बदली झाली. तपासणीसाठी त्याने दोनदा रजा मागितली, दोन्ही वेळा नामंजूर. तिसऱ्यांदा त्याने मागितलीच नाही. मानेत गाठ आली तेव्हा उशीर झाला होता. हा आजार उलटतो तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, हे आम्हाला नंतर कळले. आम्ही तेव्हा शाखेचे सेक्रेटरी होतो. त्याच्या बदलीचा कागद आमच्या टेबलावरून गेला, आम्ही हरकत घेतली नाही.

कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी आणि ठरलेल्या तपासणीसाठी रेल्वेभाड्यात सवलत आहे. स्लीपर व थर्ड एसीत ती शंभर टक्के. बुकिंगवाल्यांना हे ठाऊक आहे, खेड्यातल्या रुग्णाला नसते. त्याला सांगा.

आमची मागणी एवढीच: तपासणीच्या तारखेची रजा नाकारू नये, आणि पहिली तीन वर्षे डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय बदली करू नये. येत्या शाखासभेपासून आम्ही एक वही ठेवतो आहोत. ज्यांना चालेल त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख तीत लिहावी. नाव नको असेल तर नुसता टोकन नंबर लिहा. आठवडाभर आधी आठवण करायला आम्ही येऊ.