मधे कोणी नको: दोन फोनची थेट गाठ



गेल्या वर्षी आमच्या एका गटाच्या कर्जाच्या रजिस्टरचा फोटो भलत्याच ग्रुपवर गेला. पाठवायचा होता सचिवताईंना, बोट पडलं खालच्या नावावर. कोणाचे किती हप्ते थकले, ते दुपारपर्यंत गावभर झालं. जिचे तीन हप्ते थकले होते, ती ताई पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही. आम्ही तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून रजिस्टरचा फोटो आम्ही एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये थेट देतो.

थेट म्हणजे कसं? एरवी आपण दोघी एकाच ओट्यावर बसलो असलो, तरी आपला मेसेज टॉवरवरून कंपनीच्या लांबच्या कॉम्प्युटरकडे जातो आणि मग शेजारणीकडे येतो. व्हॉट्सॲपचा मेसेज वाटेत कुलूपबंद असतो हे खरं. पण यादीतलं नाव चुकलं, की कुलपाचा काय उपयोग? ब्लूटूथ किंवा क्विक शेअरने पाठवलं, तर मधे कोणी लागत नाही. ब्लूटूथने फोन एकमेकांना शोधतात. क्विक शेअरमध्ये मोठा फोटो असला तर दोन फोन आपसात वायफाय जोडून घेतात. रिचार्ज संपला असला तरी चालतं. दोघी जवळ मात्र हव्यात, एका खोलीत असल्यासारख्या.

आता जपायचं कुठे ते ऐका. बैठकीत फोन शोधायला गेलं, की एकाच नावाचे चार फोन दिसतात. कंपनीने दिलेलं नाव आपण तसंच ठेवतो ना! सेटिंगमध्ये जाऊन आपल्याला ओळखू येईल असं नाव द्या. ब्लूटूथ पहिल्यांदा जोडताना दोन्ही फोनवर सहा आकडे येतात. घाईने ओके दाबू नका. एकीने आकडे मोठ्याने वाचावेत, दुसरीने ताडून पाहावेत. जुळले नाहीत, तर जोडला जातोय तो फोन तिसऱ्याच कोणाचा असू शकतो. काम झालं की 'सगळ्यांना दिसू द्या' हे बंद करा.

फोटो पोचला की तो तिच्या फोनचा झाला. तिच्या मुलाने गॅलरी उघडली तर तो दिसणारच. शिवाय बॅकअप चालू असेल, तर नेट येताच तोच फोटो आपोआप कंपनीच्या कॉम्प्युटरवर जातो, म्हणजे थेट देऊनही व्यर्थ! म्हणून आमच्या गटाने ठराव केलाय: हिशेब वहीत उतरला, की फोटो दोन्ही फोनमधून पुसायचा, ट्रॅशमधूनसुद्धा.

पुढच्या बैठकीला फोन चार्ज करून आणा. नावं बदलायचं काम तिथेच बसून करू.